ड्रेसडेन : चार दिवस, आई-बाबा आणि बेताचा खिसा

गोदाकाठची | ६ जुलै २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ जर्मनीत लाइपझिगला शिकतो. सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे चालले आहे. त्याच्या खोलीत आम्ही तिघं काही मावणार नाही, शिवाय त्याची परीक्षा. म्हणून मधले चार दिवस (शुक्रवार १२ ते मंगळवार १६) ड्रेसडेनला काढायचं ठरतंय. नदीकाठचं गाव आहे एवढ्यावरच बाबांनी होकार दिला. आम्ही नाशिकचे, नदी दिसली की बरं वाटतं.

अडचणी सांगून टाकते. आईचे गुडघे दुखतात, सलग दोन तास चालणं होत नाही. ती मांस-मच्छी सोडाच, अंडंही खात नाही. बाबा एस.टी.तून निवृत्त झालेत, त्यांना चर्च आणि पुतळ्यांपेक्षा ट्राम, पूल, इंजिनं यांत जास्त रस. विमानाच्या तिकिटांतच बरेच पैसे गेले आहेत. राहणं, खाणं, फिरणं सगळं धरून तिघांचं ७५ हजारांत बसवायचंय. जमेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ऱ्हाईनकर | ६ जुलै, ११.१५

जमेल, पण ड्रेसडेनच का? कोलोनला या. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की १५७ मीटरचं कॅथेड्रल डोक्यावर उभं! नदी म्हणाल तर ऱ्हाईनपुढे तिथली एल्बे म्हणजे ओढा. ड्रेसडेन लोक प्राहाला (प्रागला) जाता-जाता अर्ध्या दिवसात उरकतात.

एल्बेकाठी | ७ जुलै, सकाळी ७.०५

ऱ्हाईनकर, सकाळी सकाळी ओढा म्हणालात, ठीक आहे. हा ओढा १७ ऑगस्ट २००२ ला ९.४० मीटरवर गेला होता. एरवी दोन मीटरच्या आसपास असतो. त्याच महिन्यात वाइसेरित्स नावाची उपनदी जुनी वाट धरून थेट मुख्य स्टेशनात शिरली होती.

ताई, मी इथे आठ वर्षं आहे, चिपच्या कारखान्यात नोकरी. दरवर्षी कुणाचे ना कुणाचे आई-बाबा येतात आणि त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे येतं, त्यामुळे पाठ झालंय सगळं.

या गावात बघण्यासारखं जे आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त रस्त्यावर आहे आणि फुकट आहे. पैसे एकाच ठिकाणी मोजायचे, ते शेवटी सांगतो.

मुक्काम नदीच्या उत्तरेला, नॉयश्टाटमध्ये घ्या. स्वयंपाकघर असलेलं छोटं घर बघा. दाखवलेल्या भाड्यावर शहराचा मुक्काम-कर लागतो, तो आधीच हिशेबात धरा. पहिल्या संध्याकाळी कुठेही आत जाऊ नका. ऑगस्ट द स्ट्राँग या राजाचा सोन्याचा मुलामा दिलेला घोडेस्वार पुतळा आहे, तिथून निघून ऑगस्टस पुलावरून चालत जुन्या गावात जा. पुलावर मोटारी नाहीत, फक्त ट्राम, सायकली आणि माणसं. आईंना दमायला झालं तर पुलाआधीच काठावरच्या गवतात बसा. समोर जी घुमटांची रांग दिसते ती बेलोट्टो नावाच्या इटालियन चित्रकाराने १७४८ मध्ये याच काठावरून रंगवली. चित्र म्युझियममध्ये आहे, जागा फुकट आहे.

पलीकडे गेलात की ‘फ्युर्स्टेनत्सुग’ची भिंत. १०२ मीटर लांब, सॅक्सनी प्रांताचे राजे ओळीने घोड्यांवर, आणि अख्खं चित्र मायसनच्या पोर्सेलिन (चिनीमाती) फरश्यांचं. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या बॉम्बहल्ल्याच्या आगीत आजूबाजूचं सगळं जळालं, ही जवळपास शाबूत राहिली. फरश्या भट्टीतूनच निघालेल्या, त्यांना आगीचं काय.

फ्राउएनकिर्ख चर्चमध्ये प्रवेश फुकट. शनिवारी किंवा सोमवारी दुपारी बाराला जा, ऑर्गन ऐकायला मिळतो आणि तेवढा वेळ आईंना बसायलाही मिळतं. बाहेरच्या भिंतीत पांढऱ्या दगडांत मधूनच काळे दगड दिसतील. ते जुन्या चर्चचे, ढिगाऱ्यातून वेचून काढलेले. बॉम्बहल्ल्यानंतर दोन दिवसांनी, १५ फेब्रुवारीला घुमट कोसळला आणि पुढची पंचेचाळीसेक वर्षं तो ढीग चौकात तसाच पडून होता. १९९४ ते २००५ मध्ये पुन्हा बांधलं. सगळे पाहुणे म्हणतात, ‘जळून काळे झाले ना?’ तसं नाही. इथला वालुकाश्म हवेत मुळातच काळा पडतो. पन्नास-शंभर वर्षांनी नवे दगडही तसेच दिसतील, मग आम्हा हौशी गाइडांची पंचाईत.

त्स्विंगर या जुन्या महालाचं अंगण फुकट. काही भागात दुरुस्ती चालू असते, हिरमोड करून घेऊ नका. तिथल्या पोर्सेलिनच्या घंटा दर पंधरा मिनिटांनी वाजतात, चुकवू नका.

कारोला पूल शोधू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये, ११ तारखेला, पहाटे तीनच्या सुमारास त्याचा ट्रामचा भाग नदीत कोसळला. नशिबाने पुलावर कुणी नव्हतं. उरलेलाही २०२५ मध्ये पाडायला घेतला. त्यामुळे काही ट्रामचे मार्ग बदललेत, जुन्या ब्लॉगांवर विसंबू नका.

कामावर जायला उशीर होतोय. बाकी रात्री लिहितो.

टग्या_पुणेरी | ७ जुलै, १०.३०

पूल पडला तेव्हा त्यावर कुणी नव्हतं, यालाच जर्मन वक्तशीरपणा म्हणतात.

वाचनखूण साठवली आहे. जाणार कधीच नाही.

निवांत | ७ जुलै, १२.१०

तिकिटाचं सांगते. ‘डॉइचलांड-टिकेट’ घ्या, २०२५ मध्ये महिन्याला ५८ युरो. देशभरातल्या ट्राम, बस, एस-बान (लोकल), साध्या गाड्या सगळं त्यात येतं. लाइपझिग-ड्रेसडेनची साधी गाडीही, दीड तासाच्या आसपास. फक्त आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही, चुकून चढू नका. चारच दिवस आणि फक्त गावातच फिरायचं असेल तर रोजचा पास पुरतो, पण तुमचं लाइपझिग जाणं-येणं धरता हेच परवडेल.

एकच मेख. हे तिकीट नाही, वर्गणी आहे. रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात आणि रद्द करायची मुदत चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत. मी ११ ला रद्द केली. बसले ५८ युरोंचं पाणी सोडून, शिवाय नवऱ्याचं आयुष्यभर ऐकतेय. भावाच्या खात्यावरून काढा आणि काढल्या दिवशीच रद्द करा, महिनाअखेरपर्यंत चालत राहतं.

एल्बेकाठी | ७ जुलै, रात्री ९.२०

निवांतताईंना अनुमोदन. आणि याच तिकिटावर आमच्या गावच्या नदीपार करणाऱ्या फेरीबोटीही चालतात. बोटीची हौस त्यात भागते. क्लाइनत्शाखवित्स ते पिलनित्स अशी फेरी आहे, मोटारीही नेते. पलीकडे पिलनित्सचा राजवाडा आणि बाग. सीझनमध्ये बागेला थोडे पैसे पडतात. तिथे १८०१ मध्ये जमिनीत लावलेलं कॅमेलियाचं झाड आहे. थंडीत त्याच्यावर अख्खं काचघर रुळांवरून सरकवत आणतात आणि उन्हाळ्यात बाजूला नेऊन ठेवतात. फुलं फेब्रुवारी ते एप्रिल, तुम्हाला मिळणार नाहीत. पण बाबांना ते रूळ दाखवा.

जुन्या वाफेच्या चाकाच्या बोटींचं तिकीट मात्र महाग आहे आणि सप्टेंबरात नदीला पाणी कमी असलं तर फेऱ्या रद्दही होतात. त्या भरवशावर एक दिवस राखून ठेवू नका. नदी आटते तेव्हा सीमेपलीकडे, चेक बाजूच्या ज्येचीनला पात्रातला एक दगड वर येतो. त्यावर कोरलंय, ‘मला पाहशील तर रड’. दुष्काळाची खूण.

गोदाकाठची | ७ जुलै, रात्री ९.५०

किती छान लिहिताय! आमच्याकडे उलटं. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याशी पाणी, यावरून अख्खं नाशिक पूर मोजतं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘मारुती बरा, तो रड म्हणत नाही.’

ते पैसे मोजायचं ठिकाण राहिलं सांगायचं.

एल्बेकाठी | ७ जुलै, रात्री १०.०५

राजवाडा, रेसिडेंत्सश्लोस. त्यातलं नवं ग्रीन व्हॉल्ट, म्हणजे राजांच्या खजिन्याचं म्युझियम. माणशी सोळा युरो. ऐतिहासिक ग्रीन व्हॉल्टचं तिकीट वेगळं असतं, ते नाही घेतलं तरी चालेल. राजवाडा मंगळवारी बंद आणि त्स्विंगरची म्युझियमं सोमवारी बंद. निघायचा दिवस मंगळवार आहे तुमचा, शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

आत काय आहे हे मी सांगत नाही. इथे एक बखरबहाद्दर आहेत, ते झोपले नसतील तर सांगतील.

बखरबहाद्दर | ७ जुलै, रात्री ११.४५

कोण झोपतंय.

त्या राजवाड्यात आपला औरंगजेब बसलाय.

योहान मेल्खिओर डिंगलिंगर हा ऑगस्ट राजाचा सोनार. त्याने भावांना हाताशी धरून १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं खपून एक देखावा केला. नाव, ‘मुघल बादशहा औरंगजेबाच्या वाढदिवशीचा दिल्लीचा दरबार’. दीडेक मीटर रुंद चांदी-सोन्याचा चौथरा. त्यावर सव्वाशेहून अधिक बोटभर माणसं आणि जनावरं, सगळी सोन्याची, मिनाकाम केलेली, आणि पाच हजारांच्या आसपास हिरे. नजराणे घेऊन येणारे उमराव, हत्ती, उंट, छत्र्या. सगळ्यांत वर सिंहासनावर बादशहा. राजाने त्यासाठी एका महालाच्या खर्चाइतके पैसे मोजले म्हणतात. यातला कुणीही हिंदुस्थानात पाऊल टाकलेला नाही. तावेर्निए, बर्निए असल्या प्रवाशांची वर्णनं वाचून केलेला दरबार आहे, त्यामुळे मधूनच चिनी वळणही डोकावतं.

आता सनावळी बघा. डिंगलिंगरने काम हाती घेतलं त्या १७०१ मध्ये खरा औरंगजेब कुठे होता? पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता. १७०२, विशाळगड. १७०३, सिंहगड. १७०४, राजगड आणि तोरणा. दिल्ली सोडून त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. विशाळगड जूनमध्ये हाती आला खरा, पण परत पन्हाळ्याकडे येताना सह्याद्रीच्या पावसात फौजेचे जे हाल झाले! जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची वाट, महिन्याहून जास्त लागला. ओढ्यांना पूर, उंट-बैल चिखलात मेलेले, तंबू टाकायला कोरडी जागा नाही. त्याच वेळी हा जर्मन सोनार त्याच्या छत्रीला हिरे लावत होता. देखावा पुरा व्हायच्या आत, १७०७ मध्ये, म्हातारा अहमदनगरला गेलासुद्धा.

त्याच संग्रहात ‘ड्रेसडेन ग्रीन’ हिरा आहे, ४१ कॅरट, हिरवागार. तोही गोवळकोंड्याकडच्या खाणीतला मानतात. २०१९ मध्ये ऐतिहासिक ग्रीन व्हॉल्टवर दरोडा पडला, तेव्हा हा न्यूयॉर्कला प्रदर्शनात गेला होता. चोरीतला बराच माल २०२२ मध्ये परत मिळाला.

सोळा युरोंत एवढं बसत असेल तर ऱ्हाईनकरांनी कॅथेड्रल सांभाळावं.

ऱ्हाईनकर | ८ जुलै, सकाळी ८.००

शरण.

वऱ्हाडी_ठेचा | ८ जुलै, दुपारी १.३०

खाण्याचं कुणी बोलायला तयार नाही! माझी बहीण तिकडे होती दोन वर्षं, तिच्याकडे राहून आलोय.

अंडं नको म्हटलं की तिथले केक बहुतेक बाद. ‘आयरशेके’ ही तिथली नामांकित वस्तू, नावातच अंडं आहे. ‘क्वार्ककॉइलशेन’ म्हणजे बटाटा आणि चक्क्याचे तळलेले गोड वडे, सोबत सफरचंदाचा गर. लय भारी, पण त्यातही अंडं असतं. आईंसाठी एकच पदार्थ सांगतो, ‘पेलकार्टोफेल्न मिट क्वार्क उंड लाइनओल’. उकडलेले बटाटे, कांद्याची पात घातलेला चक्का आणि वरून कच्चं जवसाचं तेल. जवसाचं! आमच्याकडे आजी भाकरीवर घालून द्यायची. जर्मनीत जाऊन जवसाचं तेल खाईन असं वाटलं नव्हतं. साध्या खानावळीत स्वस्तात मिळते आणि घरीही होते. बाजारात क्वार्कचा डबा एखाद्या युरोला येतो, मीठ-मिरपूड घातली की झालं. सोबत मेतकूट न्या, सोनं होते.

रविवारी दुकानं कडकडीत बंद. शनिवारीच दूध, ब्रेड, बटाटे आणून ठेवा, नाहीतर स्टेशनातल्या दुकानात रांग लावा. नळाचं पाणी बिनधास्त प्या. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली टाकू नका, दुकानातल्या मशिनला द्या.

टग्या_पुणेरी | ८ जुलै, दुपारी २.००

चक्क्यात कांद्याची पात? श्रीखंडाच्या देशातून विरोध नोंदवतो.

निवांत | ८ जुलै, ४.१५

बास्तेई राहिलं. सॅक्सन स्वित्झर्लंड म्हणतात त्या डोंगरातला दगडी पूल, १८५१ चा. खाली १९४ मीटरवर एल्बेचं वळण. पुलावर जायला पैसे नाहीत. पण खालच्या राटेन गावाहून चढ आहे, पायऱ्याच पायऱ्या. आईंना झेपणार नाही.

एल्बेकाठी | ८ जुलै, रात्री ८.३०

आईंना पिरनाहून बसने न्या, बास्तेईपर्यंत जाते. वर सपाट आहे. एक जण आईंबरोबर बसने परत यायचं. बाबांना मात्र पायऱ्या उतरून राटेनला न्या आणि तिथल्या फेरीत बसवा. काही सांगू नका, नुसतं बसवा. तिचं थोडं भाडं वेगळं पडतं. मग पलीकडून एस-१ गाडी, चाळीस मिनिटांत ड्रेसडेन.

---

गोदाकाठची | २१ सप्टेंबर २०२५, दुपारी ३.३०

धागा वर काढतेय. आलो आम्ही! जेट लॅगमध्ये लिहितेय, सांभाळून घ्या.

पहिल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे गवतात बसलो. सप्टेंबरातलं ऊन, समोर घुमट, माणसं चादरी टाकून पुस्तकं वाचत होती. आईने पिशवीतून चिवडा काढला. तासभर कुणी उठलंच नाही, पुलापलीकडे दुसऱ्या दिवशी गेलो.

बोटीचं झालं एल्बेकाठी म्हणाले तसंच. हौसेने धक्क्यावर गेलो तर पाणी कमी म्हणून आमची फेरी रद्द, पाटी फक्त जर्मनमध्ये. आईचे गुडघे तेवढे वाया गेले. मग पिलनित्सच्या फेरीने दोनदा नदी ओलांडली, पासावर. काचघराचे रूळ बाबांनी वाकून बघितले आणि गेज किती असेल यावर भावाशी वाद घातला.

राटेन. काय सांगू! वरून उतरून आम्ही फेरीत बसलो. फेरी निघाली. आवाज नाही, धूर नाही, वल्हं नाही. बाबा आधी मागे जाऊन आले, मग पुढे. मग कठड्यावरून खाली वाकले. ‘इंजिन कुठेय?’ तिथल्या माणसाने नदीत वरच्या बाजूला लांबवर गेलेली तार दाखवली. फेरी त्या तारेला बांधलेली असते आणि प्रवाहाला तिरकी धरली की पाणीच तिला ढकलत पलीकडे नेतं. बाबांनी तीन फेऱ्या मारल्या. दोन मिनिटांचा तर प्रवास. तिसऱ्या वेळी त्या माणसाने पैसे घेतले नाहीत, बाबांना सुकाणूजवळ उभं राहू दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दहा मिनिटं बोलत होते.

आई बसने भावाबरोबर परत आली, तिला वरचं दृश्य आवडलं. पण तिची आवडती जागा विचाराल तर फ्राउएनकिर्ख. ऑर्गन सुरू झाला तेव्हा तिने चपला काढून पाय बाकाखाली घेतले आणि डोळे मिटले. घुमटावरचा सोन्याचा क्रूस इंग्लंडमध्ये घडवलाय आणि घडवणाऱ्या कारागिराचे वडील त्या बॉम्बहल्ल्यातल्या विमानात होते, हे मी तिला बाहेर आल्यावर सांगितलं. ती काही बोलली नाही, परत आत जाऊन पाच मिनिटं बसून आली.

जवसाचं तेल खाल्लं. आईला पसंत, बाबांना कडू लागलं. मेतकुटाचा डबा चार दिवसांत संपला.

आणि सोमवारी राजवाडा. बखरबहाद्दर, तुमचा प्रतिसाद मी छापून नेला होता. काचेच्या पेटीसमोर उभं राहून बाबांना वाचून दाखवला. बाबा पेटीभोवती सावकाश फिरले. हत्ती मोजले. एक हत्ती सजवलेला आहे, त्याच्या पाठीवरची झूल नखाएवढी असेल, तीवरही नक्षी. मग खाली वाकून चांदीच्या पायऱ्या आणि फरशीचा चकचकीतपणा बघत बसले. मला वाटलं चष्मा पडला. म्हटलं, ‘काय शोधताय?’

‘चिखल कुठेय?’ म्हणाले.

शेजारचा जर्मन रखवालदार दचकला, इतक्या जोरात हसलो आम्ही.

बखरबहाद्दर | २१ सप्टेंबर, ४.०५

बाबांना माझा दंडवत सांगा. आजवर शेकडो प्रतिसाद लिहिले, असं सार्थक कधी झालं नाही.

एल्बेकाठी | २१ सप्टेंबर, रात्री ९.००

तीन फेऱ्या! पुढच्या पाहुण्यांना हाच रेकॉर्ड सांगणार. ताई, हिशेब टाका, लोकांना उपयोगी पडेल.

गोदाकाठची | २१ सप्टेंबर, रात्री ९.४०

टाकते. तिघांचा, युरोत. भाऊ विद्यार्थी पासावर फिरला, त्याचं वेगळं.

नॉयश्टाटमधलं घर, चार रात्री, मुक्काम-कर धरून ३४०. तीन डॉइचलांड-टिकेट १७४ (१ तारखेलाच रद्द केली, निवांतताई!). राजवाडा ४८. दुकानातून आणलेलं सामान आणि दोन वेळा बाहेरचं जेवण मिळून ११५. राटेनची फेरी, बास्तेईपाशी बाथरूमचे सुटे पैसे, पिलनित्सची बाग असं किरकोळ १२. कॉफी आणि आईच्या नकळत खाल्लेलं आयरशेके २४. एकूण ७१३, म्हणजे साधारण साडेत्र्याहत्तर हजार रुपये.

बागेत तिघांपैकी आम्ही दोघंच गेलो, आई फेरीच्या धक्क्यावरच बसली, नाहीतर थोडे वाढले असते.

टग्या_पुणेरी | २१ सप्टेंबर, १०.१०

बाटल्यांची अनामत धरली का हिशेबात?

गोदाकाठची | २१ सप्टेंबर, १०.१५

अकरा बाटल्या, दोन युरो पंचाहत्तर. ते बाबांनी घेतले. राटेनच्या दुसऱ्या फेरीचे त्यांतूनच दिले म्हणे.